महाबळेश्वरचे सात ढग

जुलैतला कुठलाही आठवडा घ्या आणि महाबळेश्वरचा हवामान अंदाज उघडून बघा. सोमवार ते रविवार तोच करडा ढग, त्याच्याखाली तेच तीन थेंब. कमाल तापमान विशीच्या आसपास, किमान त्याहून दोन-तीन अंशांनी कमी. बघणाऱ्याला वाटतं, यात वाचण्यासारखं काय आहे? मी वाईची. पसरणीचा घाट चढून पाचगणी ओलांडली की पुढे आमच्या आत्याचं घर, त्यामुळे हे सात ढग मी जीव लावून वाचते. २०११च्या जनगणनेत जेमतेम तेरा-साडेतेरा हजार वस्ती असलेलं हे गाव. पण त्याच्या अंदाजात वाई आहे, सांगली आहे, महाड आहे आणि एक घोंगावणारा वाराही आहे. चला, एकेक दिवस उघडून पाहू.

सोमवार : ‘तुरळक’ म्हणजे नेमकं किती?

अंदाजातले शब्द सैल वाटतात, पण प्रत्येकाच्या पाठीमागे आकडा उभा आहे. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या भागातल्या शंभरातल्या फार तर पंचवीस केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हटलं की २६ ते ५०. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५. आणि ‘बहुतांश ठिकाणी’ आलं की त्याच्याही पुढे. त्या दिवशी वाळवण गच्चीवर टाकायचं नाही. म्हणून ‘तुरळक ठिकाणी पाऊस सांगितला होता आणि आमच्याकडे तर थेंब नाही’ अशी तक्रार असेल, तर अंदाज चुकला असं लगेच म्हणता येत नाही. चार गावांपैकी तीन कोरडी राहणार हे त्या एका शब्दात आधीच सांगितलेलं होतं.

पावसाच्या जोराचंही तसंच. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की तो ‘मुसळधार’. ११५.६पासून ‘अति मुसळधार’. २०४.५च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. उलट २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पडला, तर हवामान खातं तो ‘पावसाचा दिवस’ म्हणून मोजतच नाही, मग तुमची चप्पल कितीही चिखलात रुतलेली असो.

मिलिमीटर डोळ्यांपुढे आणायची एक सोपी युक्ती आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा बाय दहाच्या खोलीवर ६४.५ मिलिमीटर पडला, तर पत्र्यावरून सहाशे लिटर पाणी वाहून गेलं; दोनशे लिटरची तीन पिंपं भरून. ‘मुसळधार’ची ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.

मंगळवार : एक जिल्हा, किती हवा?

दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खात्याच्या कृषी हवामान सेवेचा जिल्हावार सल्ला निघतो : फवारणी कधी करा, काढणी थांबवा, पाणी द्या. साताऱ्यासाठी तो लिहिणं म्हणजे कसोटीच आहे. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. पूर्वेच्या टोकाला माण तालुका, तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधानी. एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात, एकीकडे छपरं गळतात आणि दुसरीकडे टँकरची वाट बघणं चालू असतं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. महाबळेश्वरहून पाचगणी रस्त्याने एकोणीस किलोमीटर. तेवढ्यात पाऊस एक तृतीयांशावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की आणखी निम्म्याहून कमी. अरबी समुद्रावरून आलेलं दमट वारं सह्याद्रीच्या भिंतीला धडकतं, वर चढतं, थंड होतं आणि आपलं ओझं घाटमाथ्यावर उतरवून टाकतं. पूर्वेकडे उतरताना ते हलकं आणि कोरडं होत जातं. लहानपणी आत्याकडून परत येताना हे आम्ही एसटीच्या खिडकीतून मोजायचो. वर काचा गच्च बंद. पाचगणीला अर्धी काच उघडायची. घाटाच्या मधल्या वळणावर खाली वाईत ऊन पडलेलं दिसायचं आणि धोम धरणाचं पाणी चकाकत असायचं.

आता विचार करा, संगणकाने हे कसं पकडायचं? अंदाज काढताना तो सगळा प्रदेश चौकोनांत कापतो आणि प्रत्येक चौकोनाला एकच हवा देतो. आपल्याकडे बरीच वर्षं हा चौकोन बारा किलोमीटरचा होता. एवढ्या चौकोनात महाबळेश्वरचं पठार, त्याच्या कड्याखाली हजारभर मीटर खोल असलेली दरी आणि पलीकडची कोकणातली गावं अशी सगळी एकत्र कोंबली जायची. मे २०२५मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली आणि चौकोन सहा किलोमीटरवर आला. ती घडवली पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत. घाटाजवळच्या लहान गावांना या बदलाचं महत्त्व मुंबईपुण्याहून जास्त आहे असं मला ठामपणे वाटतं. सपाटीवर सहा किलोमीटरने फारसं काही बिघडत नाही, घाटात ऋतू बदलतो. इशारेही आता ‘सातारा’ आणि ‘साताऱ्याचा घाटमाथा’ असे वेगळे दिसतात. आपण कुठल्या ओळीत बसतो ते पाहून घ्यावं.

आणि डोंगर नसला तरी पाऊस भेदभाव करतोच. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदला गेला आणि त्याच चोवीस तासांत त्याच शहरात कुलाब्याला ७३.४.

हिवाळ्यात तर महाबळेश्वर गावाचेच दोन तुकडे पडतात. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी बातमी येते, वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. गाड्यांच्या टपावर, बोटींच्या फळ्यांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर. आणि त्याच सकाळी अधिकृत किमान तापमान मात्र शून्याच्या बरंच वर. दोन्ही खरं असतं. तापमापी जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत असते, आणि तीही गावातल्या उंचावर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब भराभर आकाशात सोडून देते. थंड झालेली जड हवा उतारावरून घरंगळत खोलगट जागेत, म्हणजे तलावाच्या काठी साठते. तिथे गवताचं पातं हवेपेक्षाही गार होतं आणि दव जागच्या जागी गोठतं. स्ट्रॉबेरीवाले रात्री आठलाच आकाश आणि वारा बघून उद्याची सकाळ सांगतात. ढग नाही, पान हलत नाही, म्हणजे पहाट कडक.

बुधवार : हे धुकं नाही

अंदाजात लिहिलेलं असतं ‘धुकं’. जुलैत महाबळेश्वरला जे खिडकीतून घरात येतं, आरशावर बसतं आणि पीठ मऊ करतं, ते धुकं नसतं. तो ढग. आपण साडेतेराशे मीटरवर उभे, आणि पावसाळी ढगाचा तळ त्याच्याही खाली. वाईहून वर पाहिलं की डोंगराने टोपी घातलेली दिसते. त्या टोपीच्या आत आत्या भाकरी थापत असते.

तिला फोन केला की ठरलेला संवाद.

“आत्या, पाऊस आहे का गं?”

“नाही गं, आज उघडलंय. नुसतं पडतंय जरा.”

फोनमध्ये पागोळ्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तिच्या हिशेबी अंगणातला हौद भरून वाहिला तरच तो पाऊस, बाकीचं ‘पडणं’. कपडे वाळवायला स्वयंपाकघरात शेगडीवर उलटं डालगं घालून त्यावर पसरलेले. तिच्याकडून आणलेल्या प्रत्येक टॉवेलाला कोळशाचा वास असतो आणि तो मला अजून आवडतो. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे, काड्यापेटी चुलीच्या उबेला, चपलांवर दोन दिवसांत हिरवट बुरशी. जुन्या घरांना पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूने गवताच्या झडी बांधायचे. घराला घातलेलं इरलंच ते. आता तिथे प्लास्टिकचा निळा कागद असतो.

घरात शिरणाऱ्या याच ढगासाठी शास्त्रज्ञ इथे राहायला आले. पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२पासून महाबळेश्वरला आहे. एरवी ढगातला थेंब मोजायचा तर विमान लागतं. इथे ढग स्वतःच दारात येतो, मग उपकरण बाहेर ठेवलं की झालं. मांढरदेवच्या डोंगरावरचं रडार दुरून त्याच ढगांचे आडवे-उभे छेद घेतं. यातून एक मजेशीर गोष्ट पक्की होते : जुलैत घाटमाथ्यावर एवढा पाऊस पाडणारे ढग काही आभाळाला भिडणारे मनोरे नसतात. ते बुटके असतात, पण न थकता एकामागून एक येत राहतात. म्हणून तर इथे जुलैचा पाऊस गडगडाट न करता तास न् तास पडतो.

गडगडाट असतो तो एप्रिल-मेच्या वळवाचा. तेव्हा मात्र सांभाळायचं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा. तितके किलोमीटर दूर ती पडली. ‘दामिनी’ हे ॲपही पुण्यातच तयार झालंय आणि वीस ते चाळीस किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांची सूचना देतं. शेतात असाल तर भागाकार करत उभं न राहता पक्क्या छताखाली जा.

गुरुवार : रंग

इशाऱ्याचा रंग हिरवा म्हणजे निर्धास्त. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हातातलं काम सोडून सुरक्षिततेचं काही करा. हा रंग पावसाच्या आकड्यासोबत त्याने होणाऱ्या परिणामाचाही असतो.

हे रंग ठरवणाऱ्या भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ची. १९२८मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, पुढे दिल्लीला गेलं. पण पुणेकरांनी शिवाजीनगरच्या त्या देखण्या इमारतीला ‘सिमला ऑफिस’ म्हणायचं काही सोडलं नाही. रोज तिथल्या चौकात बस बदलणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं की आपण हवामानाच्या इतिहासात उभे आहोत.

शुक्रवार : तरणा आणि म्हातारा

आत्याच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे आणि तिच्यातही पावसाचा अंदाज छापलेला असतो : सूर्य अमुक नक्षत्रात, वाहन बेडूक.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू लागतं, तो तरणा पाऊस. वीस तारखेच्या सुमाराला पुष्य, तो म्हातारा. मग आश्लेषा. ऑगस्टच्या मध्यावर मघा म्हणजे सासूंचा पाऊस, आणि महिनाअखेरीला पूर्वा, म्हणजे सुनांचा. सासू-सुना पाऊस पाडण्यात एकमेकींवर कुरघोडी करतात असं आजी सांगायची. पुढे हस्ताचा, हत्तीचा.

पुष्कळांना वाटतं ही नक्षत्रं चंद्राची. पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. सत्तावीस नक्षत्रं ओलांडायला सूर्याला वर्ष लागतं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला साडेतेरा दिवस. म्हणूनच मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं, अधिक महिना असो वा नसो. शेतकऱ्याच्या हाती असलेलं हे पक्कं सौर पंचांग आहे : मृगात पेरा, पुढे लावणी, हस्ताच्या ओलीवर रब्बी.

वाहन कसं ठरतं? नक्षत्र लागताना सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि बाकी बघायची. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती अशी नऊ वाहनं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पावसाची आशा धरायची. यावर माझं मत सरळ आहे. वाहन अख्ख्या देशाला एकच असतं, आणि मंगळवारी आपण पाहिलं की एका जिल्ह्यालासुद्धा एक पाऊस पुरत नाही. तेव्हा पेरणीचा निर्णय वाहनावर सोपवू नये. पण नक्षत्रांची नावं जपावीत. पावसाच्या स्वभावात दर पंधरवड्याला होणारा बदल इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्या शब्दांत मला सापडलेला नाही.

शनिवार : वारा उलटा

शनिवारी वर जाणाऱ्यांची गर्दी. त्यांनी पावसाच्या आकड्याआधी वाऱ्याचा आकडा बघावा. कड्याला धडकलेलं वारं सरळ वर उसळतं. आर्थर सीटवरून दरीत टाकलेलं हलकं पान किंवा टोपी गोल फिरून पुन्हा वर येते ती त्यामुळेच. पाटण तालुक्यातल्या सडा वाघापूरला तर पठारावरून खाली कोसळणारं पाणी वारा उचलून परत पठारावर फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. तो पाऊस आणि वारा दोन्ही जोरात असतील तरच दिसतो, म्हणजे नेमका ज्या दिवशी कड्याच्या टोकाशी जाऊ नये त्या दिवशी. चार पावलं मागूनही तो तितकाच छान दिसतो आणि भिजायचं तर तिथेही भिजताच.

छत्री नको. वर छत्री दोन मिनिटांत उलटी होते. रेनकोट घ्या, नाहीतर घोंगडी.

रविवार, सकाळी साडेआठ

इतर दिवशी नाही तरी आज सगळे उशिरा उठतात, पण वेधशाळेत सुट्टी नाही. देशभर पावसाचं मोजमाप सकाळी साडेआठला होतं. ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा बरोबर तीन वाजलेले असतात, म्हणून आपल्याकडे हे अर्ध्याचं शेपूट. आजचा पाऊस म्हणजे काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा. शनिवारी संध्याकाळी झोडपलं तरी नोंद रविवारच्या तारखेला. ‘काल एवढा पडला आणि आकडा शून्य कसा?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

हे मोजमाप मी एकदा जवळून पाहिलं. मोकळ्या जागेत, झाडा-भिंतीपासून लांब, जमिनीतून गुडघ्याएवढं वर आलेलं नरसाळं. आत बाटली. बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात सावकाश ओतायचं, माप डोळ्यांच्या रेषेत धरायचं. काचेच्या कडांना पाणी किंचित वर चढलेलं असतं. तिकडे बघायचं नाही, मधला खोलगट भाग वाचायचा. मोजणाऱ्याच्या भुवईवरून पाणी निथळत होतं आणि तो मापात एकही थेंब जास्तीचा पडू नये म्हणून मान मागे घेऊन वाचत होता. वहीत आकडा. मग तो आकडा पुढे पाठवायचा.

२३ जुलै २०२१च्या साडेआठला महाबळेश्वरचा आकडा होता ५९४.४ मिलिमीटर. दोनशे चौरस सेंटीमीटर तोंडाच्या नरसाळ्यातून एवढा पाऊस गेला, तर जवळपास बारा लिटर पाणी होतं, एका बादलीभर. पुण्याला जून ते सप्टेंबर मिळून जेवढा पडतो, साधारण तेवढा इथे एका दिवसात. आदल्याच दिवशी, २२ तारखेला, घाटाखाली सावित्री नदी महाडमध्ये शिरली आणि तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. तो आकडा वाचताना ती माणसं मी विसरू शकत नाही.

कारण महाबळेश्वरचा पाऊस महाबळेश्वरचा राहत नाही. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाच नद्यांचा हा माथा. एकाच कौलाच्या दोन बाजूंना पडलेल्या थेंबांपैकी एक सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्रात जातो, दुसरा कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. कृष्णेतला आधी आमच्या धोममध्ये थांबतो. वेण्णेतला कण्हेर धरणातून माहुलीच्या संगमावर येतो. कोयनेतला शंभर टीएमसीच्या वर पाणी पोटात घेणाऱ्या कोयना धरणात जातो, आणि तिथून कराडच्या प्रीतिसंगमावर.

म्हणून पावसाळ्यात आमच्याकडच्या पेपरात रोज तीन नावं शेजारी शेजारी छापलेली असतात : कोयना, नवजा, महाबळेश्वर. पुढे चोवीस तासांचा पाऊस, धरणाचा साठा, विसर्ग. सांगलीत माझी मावसबहीण नदीकाठच्या गल्लीत राहते. तिथे आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर आलं की इशारा पातळी, ४५वर धोका. २०१९ला ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि तिच्या घराच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे. सांगलीत आज ऊन आहे की पाऊस, हे तिला खिडकीतून दिसतं. त्यासाठी ती अंदाज उघडत नाही. ती महाबळेश्वरचा उघडते. सातही ढग सारखे दिसले की मला फोन करते आणि विचारते, आत्या काय म्हणतेय, उघडलंय का नुसतं पडतंय?